तात्यानं बसवल्यालं कोपर

कुनाचा बी मुरगळल्याला हात हातात आला की तात्या आदी त्याच्या सोयऱ्यांची चौकशी करायचा. म्हायेर कंचं, भाऊ किती, धाकटीला कुटं दिली. मानूस सांगत आसायचं, आन सांगता सांगता तात्या आसा हिसका मारायचा की पुढलं नाव तोंडातच ऱ्हायाचं. मंग हसून म्हनायचा, "झालं. ऱ्हायल्याला भाऊ आता घरी जाऊन मोज."

फलटनच्या अंगाला आमचं गाव. तात्या आमच्याच आळीचा. हाडं बसवायची इद्या त्याच्या बापाची. पैसा शिवायचा न्हाई; घेतला तर हाताचा गुन जातोय म्हनायचा. नारळ आन उदबत्ती, बास. लांबनं आल्याल्याला वर च्या पाजायचा. मानूस वाईट न्हवता. त्येच तर.

मालक गेल्यापास्नं दोन म्हशींवर माझं चाललं हुतं. धार मीच काढायची, दुसऱ्या कुनाला त्या उभ्या ऱ्हात न्हवत्या. एका सकाळी गोठ्यात शेनावनं पाय निसाटला आन उजव्या कोपरावर पडले. कोपर भोपळ्यागत सुजलं. तात्यानं हात मांडीवर घेतला, इचारलं, "वैनी, म्हायेरला कोन कोन हाय?"

मी म्हनले, "कोन न्हाई. ओढा तुमी."

त्येला हसू आलं, आन ओढलं. कळ पार डोक्यात गेली. मंग पाल्याचा लेप लावला, वरनं बांबूच्या कामट्या बांधल्या.

कामट्या सोडल्यावर बगते तर हात धड सरळ हुईना, धड वाकंना. तात्या म्हनला, हाड बसलंय, शीर आखडलीया, चोळायला पायजे. रोज ऊन तेल लावून चोळायचा, जोर लावून वाकवायचा. तरी हलंना म्हनल्यावर मनगटाला पान्याची बादली आडकवून बसवायचा. मी पदर दातात धरायची. दुसरं कोन वरडाय लागलं की माझ्याकडं बोट करायचा. "ह्या वैनीकडं बग. हूं न्हाई का चूं न्हाई. आन तू बाप्या आसून बोंबलतूस." मानसं माझ्याकडं बगायची. कोपर दगडागत व्हत चाललं हुतं.

ल्योक कुपवाडला कारखान्यात हाय. सनाला आला तवा हात बगून त्यानं मला सांगलीला न्हेलं. डाक्टर बाई नातीच्या वयाची. फोटू काढला, माझ्यासमोर धरला आन इचारलं, "आजी, हे रोज कुणी चोळलं?"

मी सांगितलं. बाई म्हनली, सांधा निसाटला हुता आन संगं हाड बी मोडलं हुतं. मोडलेलं कोपर चोळायचं नसतंय. चोळलं की मांसात हाड धरतंय. तवाच नीट बसवून घेतलं आसतं, मंग आपलं आपुन हळूहळू हलवलं आसतं, तर हात चालला आसता. आता आपरेशन करता यील, पर पुरता मोकळा हुईल ह्याचा भरवसा न्हाई.

मी एकच इचारलं, धार काढता यील का? बाईनं फोटू पाकिटात घातला. मंग म्हनली, "दोन्ही हातांनी नाही."

म्हशी इकल्या.

गावात आल्यावर तात्याच्या दारात जाऊन समदं सांगितलं. बाई जसं बोलली तसंच. तो म्हनला, "फोटूला काय कळतंय? ह्या हाताला कळतंय. वैनी, तुमचं हाडच हट्टी." कट्ट्यावरची मानसं माझ्यावरच चिडली. "फुकट करतोय बिचारा, आन त्येला नावं ठेवतीस?" पैसं घेतलं आसतं तर भांडता तरी आलं आसतं. नारळावर काय भांडायचं?

मंग एक दिस त्याची नात पेरूच्या झाडावनं पडली. कोपरावरच. वरडा ऐकून आमी समद्या पळालो. सून तेल ऊन करून घिऊन आली. तात्यानं वाटी बाजूला सारली.

"हात लावू नगा. मोडलेलं कोपर चोळायचं नसतंय. मांसात हाड धरतंय. गाडी काढा, साताऱ्याला न्या."

त्यानं वर बगितलं तर समोर मी. नजर खाली गेली, ती पुना वर आली न्हाई. आज ती पोरगी दोन्ही हातांनी हापसा मारती. बरं वाटतंय. लेकराचं काय चुकलं?

त्या दिसापास्नं तात्यानं कुनाचं कोपर धरलं न्हाई. आलं की म्हनायचा, हितं न्हाई, दवाखान्यात जावा. लोकं म्हनायची, तात्या लय शाना, डाक्टरचं काम डाक्टरला सोडतोय. मला मातर कवा काय बोलला न्हाई. मी दिसले की गल्ली बदलायचा.

औंदा तो गेला. तेराव्याला गाव लोटलं. पंगतीत जो तो त्येच बोलत हुता, तात्यानं कुनाचा हात वाया जाऊ दिला न्हाई. माझं पान वाढलं. उजवा तोंडापतूर जात न्हाई, म्हनून डाव्यानं घास घेतला. शेजारची बाई परगावची हुती. माझ्या कानाशी येऊन म्हनली, "आवं आक्का, त्यांच्या तेराव्याला तरी डाव्यानं नगा जेवू."

मी तिच्याकडं बगितलं न्हाई. भूक लागली हुती. जेवले.