जॅकवरचा टॉवेल

आमच्या घरात कशाखालीही टॉवेल जातो. फ्रीज आणि भिंतीच्या मधे टॉवेल, मिक्सरखाली टॉवेल, गाडीच्या सीटवर टॉवेल. नवऱ्याची सगळी नोकरी टॉवेलच्या कारखान्यात झाली आणि आता मी लॉजना टॉवेल पुरवते, तेव्हा घरात डागी मालाला तोटा नसतो. त्यामुळे त्या रविवारी सकाळी त्यांनी गाडी उचलायच्या ट्रॉली जॅकच्या तोंडावर चौघडी केलेला टॉवेल ठेवला, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

त्याला कारण होतं. उन्हाळ्यात एका पंक्चरवाल्याने जॅक भलत्याच जागी लावला होता. दाराखाली पत्र्याची एक कड असते. तिच्यावर दोन खाचा असतात आणि जॅक त्या खाचांच्या मधेच लावायचा असतो, कारण तिथला पत्रा भार घेतो. याने वीतभर मागे लावला. कड दुमडली, रंग उडाला, पाऊस सुरू झाल्यावर गंज धरला. नवरा तेव्हा शेजारी उभा राहून चहा पीत होता. त्या चहावरून मी त्यांना महिनाभर ऐकवलं. गाडी माझ्या धंद्याची, हप्ते मी फेडलेले, तेव्हा हक्कही माझा, असं माझं म्हणणं.

आता सायलेन्सरच्या वरचा पत्रा सैल होऊन खडखडत होता आणि सोमवारी दुधनीच्या लॉजवर माल पोचवायचा होता. गल्लीतलं गॅरेज रविवारी बंद. गॅरेजवाले चाचा मागेच राहतात, पण नवऱ्याला त्यांना उठवायचं नव्हतं.

"दोन बोल्टचं तर काम हाय," म्हणाले. "आणि हे बघ, देवाला सोवळं नेसवावं तसं नेसवलंय जॅकला. ओरखडा आला तर नाव बदल माझं."

"नाव नंतर बघू. हँडब्रेक लावलाय का?"

"लावलाय की."

मागच्या चाकाला मी दगड लावला. खाचा मी स्वतः वाकून पाहिल्या. जागा बरोबर होती. जॅकची दांडी त्यांनी खालीवर केली, गाडी उचलली गेली आणि ते उताणे होऊन कमरेपर्यंत आत सरकले. जॅक उचलतो, धरून ठेवत नाही, हे आम्हा दोघांनाही ऐकून माहीत होतं. गॅरेजमध्ये त्यासाठी टेकू म्हणून लोखंडी घोडी लावतात. आमच्याकडे घोडी नव्हती आणि काम पाच मिनिटांचं होतं.

पहिला बोल्ट बसला. दुसऱ्यासाठी त्यांनी पान्याला हिसका दिला आणि मला टॉवेलची निळी किनार दिसली.

ती आधी दिसत नव्हती. घडी मीच घातली होती आणि किनार आतल्या बाजूला होती. पुढच्या हिसक्याला ती बोटभर बाहेर आली. म्हणजे टॉवेल सरकत होता, आणि टॉवेलवर टेकलेली गाडीही सरकत होती. खाली पाहिलं तर जॅकचं पुढचं चाक दोन शहाबादी फरश्यांच्या सांध्यात रुतलेलं. गाडी वर जाताना जॅकने चाकांवर थोडं पुढे यायचं असतं. तो जागेवरच अडला होता आणि वर टॉवेल ताणला जात होता.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही. ओरडले असते तर ते दचकले असते आणि डोकं वर आपटलं असतं.

"अहो, पाना सोडा."

"झालंच की. एकच आटा राहिलाय."

"पाना सोडा आणि हलू नका. जॅक सरकतोय."

 मग पाना फरशीवर अलगद ठेवल्याचं ऐकू आलं.

"येऊ का बाहेर?"

"थांबा. मी सांगेन तेव्हा."

गाडीतला छोटा जॅक डिकीत होता, पण डिकी उघडायची म्हणजे गाडी हलवायची. जॅकची दांडी सोडायची म्हणजे गाडी त्यांच्यावरच उतरवायची. धुण्याच्या दगडापाशी लिंबाचा ओंडका होता, कपडे धुताना मी त्यावर बसते. तो लोळवत आणला. दाराखालच्या कडेला टेकू द्यायचा तर तिथे यांचं पोट आडवं. मग ओंडका त्यांच्या कमरेजवळून आत ढकलला, सरळ गाडीच्या तळाखाली. तळाचा पत्रा पातळ असतो. भार आला तर तो आत जाणार, हे ढकलताना मला स्वच्छ कळत होतं. वर चार बोटं जागा राहिली.

किनार आता पूर्ण बाहेर होती.

"आता या. पाय ओढून नाही, टाचा टेकून या. गुडघा जॅकला लागू देऊ नका."

ते इंचाइंचाने आले. पोट आलं, छाती आली. हनुवटी कडेखालून सुटली आणि टॉवेल फाटल्याचा आवाज झाला. जॅक तिरका उडाला, गाडी खाली आली. ओंडक्यावर पत्रा अशा आवाजाने चेपला की मागच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. त्यांचा डावा हात अजून आत होता.

"हात!"

"हाय, हाय. मोकळा हाय." त्यांनी हात बाहेर काढला, पंजा उघडून मिटून दाखवला. तोंड पांढरं पडलं होतं. मग तसेच आडवे असताना त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "कड वाचली का गं?"

मी त्यांना खांद्याला धरून गाडीपासून लांब ओढलं.

आवाज ऐकून चाचा बनियनवरच धावत आले. आधी यांना बघितलं, मग गाडीखाली, मग फाटका टॉवेल उचलून मला दाखवला.

"भाभी, ये आंग पोंछने कू रहता. जॅक के मुंडी पे नक्को."

"पत्र्याला लागू नये म्हणून ठेवला होता, चाचा."

"पत्रा तो मैं ठोक के देतूं. आदमी कैसा ठोकना?"

नवरा हसला. मी नाही हसले. चाचांनी गॅरेजातून जाड रबराची एक चकती आणून दाखवली. मधे चीर असते, कड त्या चिरेत बसते. पत्र्याला धक्का नाही आणि सरकायला वावही नाही. त्यांच्याकडून मी तशी एक घेतली आणि घोड्यांची जोडीही. दुधनीची खेप रिक्षा टेम्पोने गेली.

पुढच्या रविवारी चाचा समोर बसले असताना उरलेला बोल्ट आवळायला गाडी पुन्हा उचलली. जॅकखाली प्लायवूड, वर रबर, मग दोन्ही घोड्या. मी बंपर धरून गाडी जोरात हलवून पाहिली. हलली नाही. हे पाना घेऊन वाकायला लागले तेव्हा मी तो काढून घेतला.

"तू? अगं, साडी..."

"ड्रेस घातलाय. सरका."

आत अंधार होता, तेलाचा वास होता आणि नाकाच्या वर वीतभर अख्खी गाडी होती. पान्याला बोल्टचं डोकं सापडेना. सापडल्यावरही आटे मोजतच पिळले. बाहेर मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या, जॅकला लागून, अजिबात न हलणाऱ्या.

"झालं का?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"झालं. कड दुमडली तर दुमडू दे, पण तुम्ही परत असं आत जायचं नाही," मी आतूनच सांगितलं. समोरासमोर मला ते जमलं नसतं.

"बरं," ते म्हणाले. "आधी बाहेर ये तू."