ओट्यापासून फाटकापर्यंत

दुपारची जेवणं आटोपली की अनसूयाकाकू एक स्टीलची वाटी उपडी करून नवऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवत, शेजारी चमचा ठेवत आणि म्हणत, "वाजवा बघू." ढुंढिराजकाका एकदा वाजवून दाखवत. मगच त्या खोलीबाहेर पडत.

काका पूर्वी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली, खडा आवाज बसला. जीभ तेवढी तिखट राहिली. तेव्हापासून इंदिरानगरच्या त्या बैठ्या घरातून काकू औषधाच्या दुकानापलीकडे क्वचितच गेल्या.

त्यांची भाची संपदा माझी मैत्रीण. ती ॲनिमेशन शिकवते. मावशीला विरंगुळा म्हणून तिनं कॉम्प्युटरवर एका खेळातलं जग उघडून दिलं. तिथं ठोकळे रचून घर बांधता येतं, बटणं दाबून आपली बाहुली चालवता येते. दुसऱ्या कुणाची बाहुली कॅमेरा होऊन मागं मागं येते, आणि जे रेकॉर्ड होईल तोच सिनेमा. काकू काही दिवस नुसत्या इकडेतिकडे फिरल्या. मग म्हणाल्या, "मला यात एक बाई चालवायचीय. ओटा पुसते आणि निघते. पार पांडवलेणीच्या डोंगरापर्यंत. मध्ये कुणी हाक मारत नाही."

"मग?" मी विचारलं. आराखडा लिहायचं काम माझ्याकडे होतं.

"मग काय? चालते."

अट एकच होती, दृश्य मध्ये तोडायचं नाही. ओट्यापासून डोंगरापर्यंत एकच सलग चाल. संपदा हरखली. पुण्यात अशा छोट्या फिल्मचा एक महोत्सव भरणार होता, तिथं पाठवायचं ठरलं.

घर काकूंनी स्वतः बांधलं. ओटा, खिडकीतली कोथिंबिरीची कुंडी, बोळ, बाहेरची खोली, तुळस, फाटक. फरशीचा रंगसुद्धा त्यांनी दोनदा बदलून जुळवला.

एका दुपारी त्या हेडफोन लावून बाहुलीच्या पावलांचा आवाज तपासत होत्या. आत वाटी वाजली. पुन्हा वाजली. मी आणि संपदानं एकदमच वर पाहिलं. काकूंना ऐकूच गेलं नव्हतं. संपदा धावली. काकांना पाणी हवं होतं, एवढंच. ते पाजून तिनं त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आमच्यात आणलं. "काका, बघा तरी मावशीनं काय केलंय!"

काकूंनी हेडफोन गळ्यात ओढले. काका बराच वेळ बघत राहिले. मग बोट उचलून म्हणाले, "बोळात ने. आता डावीकडे वळव."

काकूंनी बाहुली वळवली. समोर कोरी भिंत होती.

"आमची खोली?"

काकूंनी बाहुली मागं घेऊन पुन्हा वळवली. पुन्हा भिंतच.

"अगं, जन्मभर लोकांचे दिवस घातले मी. माझे तू न सांगताच उरकलेस होय?"

ते हसत होते. संपदाही हसली. काकूंनी गळ्यातले हेडफोन काढले आणि ते पदरानं पुसत राहिल्या. "तसं मनात नव्हतं हो," त्या म्हणाल्या.

नंतर स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, त्या म्हणाल्या, "मुद्दाम केलं असतं तर बरं होतं गं. निदान मला माहीत तरी असतं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोली बांधली. पलंग, औषधांचं टेबल, बोळात उघडणारं दार. आणि तिथून सिनेमा अडला. बाई ओट्यापासून निघायची, त्या दाराशी येऊन थांबायची.

"मावशी, थांबायचं नाहीये. सरळ जायचंय."

"हो गं, जातेय की."

पुन्हा तिथंच. बोटं बटणावरून उचललेली. संपदा एकदा म्हणून गेली, "मग खोली काढून टाकू का?" काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथंच संपला. महोत्सवाची तारीख जवळ येत होती.

शेवटी एकदा आम्ही चहा घेऊन काकांच्या खोलीत बसलो असताना तेच म्हणाले, "अडलंय कुठं?" संपदानं सांगितलं.

"मग त्या दाराला कडी नाही का? घे लोटून. मी झोपलोय समज."

"अहो, पण तुम्हाला काही लागलं तर?"

"तिथं मला तहान लागत नाही. जा, उरक."

काकू उठल्या. कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी बोळातलं ते दार बंद केलं. बाई ओटा पुसून निघाली. बोळातून, बंद दारावरून, तुळशीला वळसा घालून फाटकाबाहेर. रस्ता, कडुनिंबाची झाडं, मग मोकळं माळरान. डोंगर हळूहळू मोठा होत गेला. मध्ये कुणी हाक मारली नाही.

संपदानं टाळ्या वाजवल्या. "झालं, मावशी! थांब, पहिल्यापासून लावते, बघ."

काकू पडद्याकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. संपदानं फिल्म सुरू केली तशा त्या उठल्या.

"तुम्ही बघा गं," त्या म्हणाल्या. "यांची कूस बदलायची राहिलीय."