पत्र्यापलीकडची पायडलं

बारा मार्चला, गुरुवारी सकाळी, मिस्त्रींनी पायडलांची एक जोडी एकशे पंच्याऐंशीला घेतली. उधारीवर घेतली, सख्ख्या धाकट्या भावाकडून घेतली आणि त्याचं तोंडही न बघता घेतली.

दोघा भावांच्या दुकानांमध्ये पत्र्याची भिंत होती. अलीकडे मिस्त्री सायकली दुरुस्त करायचे, पलीकडे धाकटा सुटे भाग विकायचा. पत्र्याला छातीच्या उंचीवर वीतभर चौकोनी भोक होतं. मिस्त्रींना काही लागलं की ते जुना भाग नमुना म्हणून भोकातून सरकवत. धाकटा त्याचं माप घेऊन तसाच नवा काढी आणि परत सरकवी. पत्र्यावर एक ठोका म्हणजे माल आहे, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे नमुन्यात काहीतरी गडबड आहे, पुन्हा बघ. पैसे मिळेपर्यंत नमुना धाकट्याकडे खिळ्याला टांगलेला राही. अकरा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता. बिनबोभाट म्हणजे दोघांत एक अक्षरही बोलणं नव्हतं.

बाप गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दुकानावरून जुंपली होती. मिस्त्रींनी धाकट्याचा उजवा हात फिरत्या चाकात घातला. धाकट्याने डाव्या हाताने सायकलचा पंप उचलून थोरल्याच्या कानशिलावर हाणला. तेव्हापासून एकाचं मनगट वाकडं आणि दुसऱ्याचा डावा कान कायमचा बंद. "माझ्या पोटी पोरं आली की बैल?" म्हणत आईने स्वतःच्या गाठीच्या पैशांनी मधे पत्रा ठोकून घेतला, आणि मग ती फार दिवस जगली नाही.

मारणं त्या घरात मुरलेलं होतं. बाप हाडाचा कारागीर, पण त्याची शिकवण्याची रीत वेगळी. पोराने चुकीच्या मापाचा नट आणला की त्याच मापाचा पाना घेऊन तो पोराच्या पाठीवर ओढायचा. "आता नाही विसरणार," म्हणायचा. दोघेही खरंच विसरले नाहीत. दहाचा, तेराचा, सतराचा पाना दोघे डोळे मिटून ओळखत. इतर मुलांचे पाढे पाठ होते, यांची पाठच पाढे शिकली होती.

मिस्त्रींनी बापाची कारागिरी घेतली आणि हातही घेतला. सहा वर्षांपूर्वी बायको एक सुजलेला डोळा आणि एक पिशवी घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. मुलगी मात्र वडिलांजवळ राहिली. स्वयंपाक करायची, दुकानात बसायची, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना तोंडभरून बोलणारी ती एकटीच. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाच्या मुस्काटात मारली, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं होतं, "बाबा, आज शेवटचं. यापुढे तुमचा हात कोणावरही उठला तर मी आईकडे जाईन. रडणार नाही, भांडणार नाही. पिशवी भरीन आणि जाईन."

आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. त्यामुळे दोन वर्षं मिस्त्री राग लोखंडावर काढत. वाकडी रिम दगडावर आपटत, अडलेल्या नटाला आईबहिणीवरून शिव्या देत, आणि संध्याकाळी घामेजून घरी जेवायला बसत. घरात दुसरं होतं कोण? ती गेली की चार भिंती आणि एक बंद कान.

मार्चमध्ये मुलीला घरोघरी पार्सलं पोचवायचं काम मिळालं. अट एवढीच की सायकल स्वतःची हवी आणि गावातले चढ चढणारी हवी. घरात तिच्या आईची जुनी सायकल पडून होती, बिनगिअरची. मिस्त्रींनी ती मांडीवर घेतली. असं काम त्यांच्या आवडीचं. नव्या गिअरचं चाक जुन्या फ्रेममध्ये बसत नाही, कारण मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यात जागाच कमी. फ्रेम जुन्या पोलादाची, म्हणून त्यांनी लांब बोल्ट घालून दोन दिवस थोडं थोडं करत चिमटा फाकवला आणि मग दोरी ताणून तो मधोमध असल्याचं पाहिलं. जुनी चेन रुंद, ती नव्या दातांवर घसरली असती, म्हणून अरुंद चेन घातली. रिमवर आकडा तोच असला तरी टायर तोच लागेल असं नसतं, हे पक्कं ठाऊक असल्याने टायर हाताने चढवून बघितला. चाक आधीपेक्षा लहान झालं, तर ब्रेकचे गट्टे रिमऐवजी टायरवर टेकू लागले, म्हणून लांब हाताचे ब्रेक लावले. पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा, म्हणजे क्रँक, वाकलेला होता, तो फेकून ॲल्युमिनियमचा नवा बसवला. सगळं कसं मापात. राहिली होती फक्त पायडलं.

त्या सकाळी एक गिऱ्हाईक चारचौघांत म्हणालं, "मिस्त्री, तुम्ही ब्रेक असा केलाय की दाबला तर सायकल पळते आणि सोडला तर थांबते."

बघे हसले. मिस्त्रींच्या हातात हातोडी होती. मुलगी समोर पोळीचा डबा बांधत होती. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि भंगाराच्या डब्याला लाथ घातली. डबा उलटला, जुन्या भागांचा ढीग पसरला. त्यातलं हाताला आलं ते एक पायडल त्यांनी उचललं आणि पत्र्यातल्या भोकात टाकलं. खरं तर नमुना द्यायचा तो क्रँकचा, कारण पायडल बसायचं होतं त्या क्रँकच्या भोकात. पण क्रँक आत्ताच आवळला होता. तो पुन्हा कोण काढणार? पायडल ते पायडल, असं मनाशी म्हणत मिस्त्री डाव्या अंगाने पत्र्याला टेकून बिडी ओढत उभे राहिले. थोड्या वेळाने भोकातून जोडी आली.

उजवं पायडल सरळ आट्यांचं, डावं उलट्या, हे पोरसोरही जाणतं. पण दोन्ही पायडलं बोटांनी फिरवता फिरवता थेट शेवटपर्यंत आत गेली. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना लागतो तसा पाना लागलाच नाही. वर किंचित डुगडुगही होती. जुन्या कुठल्या तरी परदेशी सायकलच्या मापाची ती पायडलं होती, दांडी केसभर बारीक. हा केसभर फरक मिस्त्रींच्या बोटांना कळला. पण हाताला आधीच राग चढलेला होता, आणि जे बसत नाही त्याला ठोकून बसवायचं, हा त्या हाताचा जुना धर्म. त्यांनी क्रँकच्या भोकाच्या कडेवर छिन्नी ठेवली आणि गोल फिरवत घाव घातले. ॲल्युमिनियमची कड आत वळली. डुगडुग थांबली.

"बाबा, हातोडी कशाला?" मुलीने विचारलं.

"घट्ट व्हायला."

"पान्याने होत नाही?"

"तू मला शिकवतेस का आता? बस आणि चालवून बघ."

ती बसली. दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या, वळून हसली. "बाबा, लोण्यासारखी चालतेय!"

कामाच्या दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या चढावर, पाठीवर पार्सलांची पेटी घेऊन, ती पायडलांवर उभी राहून जोर लावत असताना डावं पायडल आट्यांसकट उपटून निघालं. सगळं वजन घेऊन पाय खाली गेला. क्रँकचं उघडं टोक नडगीत घुसलं आणि हाडापर्यंत मांस फाडत वर आलं. ती तोंडावर दगडी कडेवर आपटली. पुढचे दोन दात जागेवर सांडले. एका हमालाने तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, आणि मागाहून सायकल दुकानात आणून टाकली.

मिस्त्री पोचले तेव्हा टाके घालणं चालू होतं. तिचा ओठ फाटलेला, पाय रक्ताने माखलेला.

"पायडल निघालं, बाबा," ती एवढंच म्हणाली. दातांच्या फटीतून शब्दांबरोबर रक्त आलं.

मिस्त्री दुकानात परतले. निघालेल्या पायडलाच्या दांडीवर ॲल्युमिनियमचा कीस स्प्रिंगसारखा गुंडाळला गेला होता. ते बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली. अकरा वर्षं मनात ठेवून भावाने सडका माल दिला, आणि दिला तोही पोरीच्या पायाखाली.

त्यांनी पंधराचा पाना उचलला. पायडलं त्याच मापाच्या पान्याने आवळतात. बापाचा नियम त्यांनी आठवला नाही, हाताला तो आठवला. दाराने फिरून जायलाही धीर नव्हता. भोकात पहार घालून त्यांनी पत्रा फाडला. खिळे उडाले, पत्रा किंचाळत दुमडला आणि मिस्त्री त्यातून पलीकडे घुसले. दंड पत्र्याने चिरला, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

धाकटा गल्ल्यावर होता. उभा राहत म्हणाला, "दादा? अरे, काय झालं?"

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. त्यांना उत्तर म्हणून पाना आला. धाकट्याने हात आडवा धरला, तोच वाकडा हात. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मिस्त्रींनी दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा बरगड्यांवर. "पोरीचे दात पाडलेस! पाय फाडलास! सूड घ्यायचा तर माझा घ्यायचास ना, हरामखोरा!"

धाकट्याने भिंतीवरची चेन ओढली आणि डाव्या हाताने फिरवली. ती मिस्त्रींच्या गालावर बसली आणि कानापासून हनुवटीपर्यंत कातडं उलटं केलं. दोघे बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या डब्यांवर कोसळले. जमीनभर छर्रे सांडले, आणि त्यांवरून घसरत, एकमेकांची गचांडी धरत, ते म्हाताऱ्या कुत्र्यांसारखे चावत राहिले. दारात माणसं जमली. आत यायची कोणाची छाती झाली नाही.

आतून धाकट्याची बायको धावत आली. "भाऊजी, सोडा! मरतील हो ते!"

"मरू दे!"

"तीनदा वाजवलं होतं मी!" धाकटा खालून ओरडला. "तीनदा! नमुना चुकीचा आहे म्हणून तीनदा ठोकलं पत्र्यावर!"

"कधी ठोकलंस? खोटारड्या!"

"तू टेकून उभा होतास तिथेच! तुझ्या कानाशी!"

"कुठल्या कानाशी?"

धाकट्याची नजर त्या बंद डाव्या कानावर गेली. मिस्त्रींचा पाना वर उचललेला होता, तो तसाच राहिला.

बायकोने खिळ्यावरचं जुनं पायडल ओढून मिस्त्रींच्या छातीवर फेकलं. "हा घ्या तुमचा नमुना! तीन ठोक्यांनंतरही बदलला नाहीत, म्हणून याचीच जोडी दिली. किती पेट्या उपसून शोधली होती, विचारा त्यांना. या मापाची मिळत नाहीत आता. खूश होते, दादाच्या कामाला आलो म्हणून!"

मिस्त्री उठले. फळीवर नवा क्रँक होता. त्यांनी नमुन्याचं पायडल त्यात घातलं. बोटांनी फिरवलं. ते थेट शेवटपर्यंत गेलं आणि डुगडुगलं. मग शेजारचं नेहमीच्या मापाचं पायडल घातलं. ते शेवटच्या फेऱ्यांना अडलं आणि त्याने पाना मागितला. पाना त्यांच्या हातातच होता, पण त्याला रक्त लागलेलं होतं.

गुरुवारी त्यांच्या बोटांनी हेच सांगितलं होतं. त्यांनी बोटांचं ऐकलं नाही, ठोकलं. कानाचा दोष धाकट्यावर घालता आला असता, बोटांचा कोणावर घालणार?

त्यांनी भावाला पाठीवर घेतलं. दवाखाना तोच, आणि खाटा मोजक्या. धाकट्याला मुलीच्या समोरच्याच खाटेवर टाकलं. ती जागी होती. तिने काकाचा लोंबणारा हात पाहिला, मग बापाचा फाटलेला गाल.

"आधी कोणी मारलं?"

धाकटा डोळे मिटून म्हणाला, "अगं, पडलो आम्ही. छर्रे सांडले होते, त्यावरून—"

"काका, तुम्हाला नाही विचारलं."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "मी," ते म्हणाले.

तिने मान हलवली. रडली नाही. मग म्हणाली, "पायडल निघालं म्हणून नाही जात मी, बाबा. ते लोखंड आहे, त्याला काय कळतं?"

टाके निघाले त्या दिवशी ती काठी टेकत घरी आली, पिशवी भरली आणि आईकडे गेली. निघताना म्हणाली, "सायकल नीट करून पाठवा. पाय बरा झाला की लागेल. पायडलांचे पैसे हे घ्या, आणि काकांकडूनच घ्या." तिने नोटा हातोडीखाली ठेवल्या.

मिस्त्रींनी आटे गेलेला क्रँक काढून नवा घेतला. मग तो नवा क्रँकच नमुना म्हणून पलीकडे दिला. पत्र्यात आता माणूस जाईल एवढं भगदाड होतं, तरी त्यांनी तो जुन्या भोकाच्या जागेतूनच सरकवला. उजवा कान पत्र्याला लावून उभे राहिले. बऱ्याच वेळाने, प्लास्टरमधल्या हाताने नव्हे, डाव्याने, एकच ठोका आला.

ही जोडी बसवताना पाना लागला. हातोडी लागली नाही. सायकल मालाच्या गाडीने गेली, ती पोचल्याचा निरोप काकाकडे आला.

धाकट्याच्या हाताचा खर्च मिस्त्रींनी दिला. नव्या जोडीचे पैसे रोख दिले. जुनी जोडी परत घ्यायला धाकटा तयार नाही, आणि नमुना पुन्हा खिळ्यावर टांगलेला आहे. त्या जुन्या जोडीचे एकशे पंच्याऐंशी द्यायचे बाकी आहेत.