गयाकाकूचं गाऱ्हाणं

लग्न होऊन पूर्णाकाठच्या त्या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी दचकून उठले. शेजारी दोन बायका एकमेकींचा उद्धार करत होत्या. "तुझी शेळी मरो! माझी मेथी खाल्ली तिनं," एक ओरडत होती. "तेरी जबान को कीडे पडो!" दुसरी. मला वाटलं, आता डोकी फुटणार. सासूबाई मात्र कूस बदलून म्हणाल्या, "उठ गं. गयाकाकूची चूल पेटली."

उठून पाहिलं तर खरंच तसं होतं. गयाकाकू आणि सकीनाबी यांच्या घरांमध्ये एकच मातीची भिंत होती आणि तिला कमरेइतकं खिंडार पडलेलं होतं. त्या खिंडारातून सकीनाबी खापरीवर निखारे पुढं करत होती आणि काकू ते घेत होती. तोंडं भांडत होती, हात आपलं काम करत होते. पहाटे ज्या शेळीला शाप मिळायचा, तिच्याच दुधाचा गडवा संध्याकाळी त्याच वाटेनं काकूकडं यायचा.

काकू बारकी, काळीसावळी आणि आवाजानं भरभक्कम. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सकीनाबीचे दोन्ही मुलगे काकूच्याच मांडीवर वाढले आणि तिच्याच हातचा मार खाऊन शहाणे झाले. मी एकदा धीर करून विचारलं, "काकू, रोज कशाला भांडता?" काकूनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग काय मुक्यानं बसू? ज्याच्याशी भांडता येतं त्योच आपला, पोरी. दुसऱ्याशी नीट बोलावं लागतं."

निजामी अमलातले ते दिवस. पूर्णेचं पाणी दर एक-दोन पावसाळ्यांत गावात शिरायचं, मागून तापाची साथ यायची. शेवटी वरून हुकूम आला की गाव उचलून माळावर न्यायचं. नवी आबादी बसवायला तहसिलीचे पेशकारसाहेब आले. साहेब मनाचे चांगले होते. सरळ रस्ते, दोन घरांमध्ये दहा हात मोकळी जागा, वारा खेळता राहील, रोग पसरणार नाही, असं सगळं त्यांनी कागदावर आखलं होतं. एवढ्यावर न थांबता, नव्या जागी जुने तंटे नकोत म्हणून ते घरोघर फिरले आणि प्रत्येकाला विचारत गेले, "शेजाऱ्याबद्दल काही शिकायत?"

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडं सरकार दारात आलं की गाऱ्हाणं मांडायचं, ही रीतच होती. काही गाऱ्हाणं नाही म्हटलं तर माणूस खाऊनपिऊन सुखी दिसतो आणि शेतसारा वाढतो, असा पक्का समज. काकूनं तर तोंड भरून गाऱ्हाणं घातलं. शेळी, मेथी, चुलीचा धूर, कोंबड्यांची घाण, पोरांचा धिंगाणा, काही सोडलं नाही. पलीकडं सकीनाबीनंही काकूच्या जिभेचं वर्णन करताना कसूर ठेवली नाही. साहेब दोघींचंही मन लावून ऐकून गेले.

मग एक दिवस चावडीसमोरच्या लिंबाखाली साहेबांनी नकाशा वाचून दाखवला. सकीनाबीचं घर नव्या विहिरीच्या अंगाला, काकूचं पार दुसऱ्या टोकाला, आमच्याशेजारी. बायका लांब भिंतीशी उभ्या होत्या. काकू पदर खोचून थेट पुढं गेली.

"साहेब, म्या गाऱ्हानं सांगितलं. वाटनी मागितली न्हाई."

साहेब गोंधळले. "बाई, तुम्हीच तर तिची एवढी शिकायत केली!"

"मंग शेजारनीची न्हाई करायची तर कोनाची करायची? परगावच्या बाईची?"

लोक खो खो हसले. काकू हसली नाही. मागून सकीनाबीही ओरडली, "साहब, ये औरत पागल है, लेकिन इसको मेरे बाजू में रखो!"

साहेब खरंच हळहळले. पण नकाशा मंजूर होऊन आला होता. "आता माझ्या हातात काही नाही. आपसात अदलाबदल करून घ्या, माझी हरकत नाही," ते म्हणाले.

सकीनाबीच्या घरचे विहिरीजवळची जागा सोडायला राजी झाले नाहीत, आणि तिच्या शेजारची जागा गावच्या सुताराला मिळाली होती. काकू त्याच्या दारात जाऊन बसली. तो हात जोडून म्हणाला, "काकू, दुसरं काही पन मागा. इहिरीजवळची जागा कशी सोडू?" त्याची बायको तेव्हा भरल्या दिवसांत होती आणि दोन घागरी घेऊन नदीवरून चढ चढत आली होती. काकूनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली आणि परत आली.

नवी आबादी झाली. साहेबांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. पाणी आलं नाही, तापही कमी झाला. सुरुवातीला काकू रोज पहाटे खापरी घेऊन विस्तवासाठी सगळी आबादी ओलांडायची. घरी येईपर्यंत निखाऱ्यांची राख व्हायची. त्यात गुडघे धरले. मग तिनं काडेपेटी आणायला सुरुवात केली. आमच्या टोकाला पहाट आता मुकी उजाडायची. भांडेल तरी म्हणून मी मुद्दाम तिच्या अंगणात केर लोटून पाहिला. "असू दे गं पोरी," म्हणाली आणि स्वतःच झाडून घेतला. मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी सकीनाबी आली. धुतलेली ओढणी, हातात शेवयांचं ताट. अंगणातच थांबली आणि तिनं हाक मारली, "गया, घर में है क्या?" काकू लगबगीनं बाहेर आली. तिनं घोंगडी झटकून अंथरली, गूळपाणी दिलं. दोघींनी एकमेकींची तब्येत विचारली. मुलांचं, पिकाचं बरं चालल्याचं सांगितलं. थोड्या वेळानं "चलती हूँ" म्हणून सकीनाबी उठली. काकू रस्त्यापर्यंत पोचवायला गेली.

परत आली ती माझ्या ओट्यावर टेकली. शेवयांचं ताट मांडीवर तसंच होतं.

"बस म्हनले गं म्या तिला," ती म्हणाली. "सकीनाला. घोंगडी टाकून, बस म्हनले. आन् ती पाव्हनीवानी बसली."

आणि एवढा मोठा आवाज असलेली ती बाई तोंडावर पदर घेऊन आवाज न करता रडायला लागली.