गावची बाव आणि बर्फाचा कारखाना

तो अहवाल मला लिहायचाच नव्हता. मामा मच्छिमार सोसायटीचे चेअरमन आणि मी त्यांची बी.एस्सी. झालेली भाची, एवढ्या पात्रतेवर बर्फाच्या कारखान्याचा व्यवहार्यता अहवाल माझ्या गळ्यात पडला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालवणहून बर्फाचा ट्रक यायचा तो निम्मा पाणी होऊन. बांगडा जोरात लागला की उरलेला माल माडांच्या मुळात खत म्हणून पुरावा लागायचा. ते खड्डे मामांनी स्वतःच्या हातांनी खणले होते. गावात कारखाना काढीन, या शब्दावर ते निवडून आले होते आणि त्या शब्दाने त्यांची झोप उडवली होती. जागा ठरली ती गावच्या बावीजवळ. बाव म्हणजे विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तिचं पाणी गोड. अर्धं गाव तिच्यावर जगायचं.

मी अहवाल लिहिला आणि मोठ्या रुबाबात जिल्ह्याच्या कचेरीत नेला. जिल्हा नवा होता, कचेरी भाड्याच्या खोलीत होती. तिथल्या साहेबांनी पानं चाळली. यंत्र, वीज, माशांची आवक, सगळं होतं.

"हा कुणी वाचायचा म्हणून लिहिलात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी वाचीन हो. पण ठरवणार गाव. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय ही फाईल इथून हलणार नाही. होकार द्यायच्या आधी लोकांना काय कळायला हवंय, ते विचारून या. मग लिहा. आणि लवकर, दुसऱ्या एका गावाचाही अर्ज आलाय."

माझा संताप संताप झाला. पण दुसऱ्या दिवसापासून दारोदार हिंडू लागले. कारखान्याबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, हा एकच प्रश्न. प्रत्येक घरी चहा मिळाला, उत्तर कुठेच नाही. "तू शिकलेली, तू लिव्हशीत ता बरा," एवढंच. चेअरमनच्या भाचीला तोंडावर कोण काय सांगणार? चहा पिऊन पिऊन माझं पित्त खवळलं, कागद कोरा तो कोराच.

सभेच्या आधी मानकऱ्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. गावाचं मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरवाने पाषाणावर ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. जुने मानकरी पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, जी काय तुझी लेकरां आज हयसर जमली आसत, तेंच्या धंद्याक बरकत येवं दे."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सवयीने म्हणतात तसं.

"कारखानो इलो तर पोरांक कामधंदो गावं दे."

"व्हय म्हाराजा."

"आणि बावीच्या पाण्याक काय बरावाईट झाला, ता मचूळ झाला, तर ह्या लेकरांनी पाण्याक खंय जावचा, ता तू बघ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सभामंडप दणाणला. बायकांच्या बाजूनेही आवाज आला, तिथून कधी येत नाही. मी खांबाला टेकून उभी होते, ती सरळ झाले. दारोदार मागितलेलं उत्तर लोकांनी देवाला दिलं होतं. माझ्या अहवालात पाण्याबद्दल एकच ओळ होती: 'जवळच विहीर उपलब्ध आहे.'

आम्ही वाट पाहत राहिलो. तांदूळ हलेनात, ना उजवे ना डावे. मामांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. शेवटी गुरव म्हणाला, "देव काय बोलणा नाय." लोक गुपचूप उठले.

घरी मामा माझ्यावरच उखडले. "तुझो कागद पुरो नाय, म्हणान देव थांबलो."

"पुरा करते," मी म्हटलं. "कारखान्याला लागेल तेवढं पाणी बावीतून काढून बघूया, पंप लावून. समुद्राचं खारं पाणी आत शिरतं का, ते कळेल."

"नको ती भीती लोकांच्या मनात घालतलस."

"मनात आहेच, मामा. तुम्ही ऐकलंत ना?"

ते उठून आत गेले. पण सकाळी एका बागायतदाराचा डिझेल पंप बैलगाडीवर घालून स्वतःच घेऊन आले.

मे महिना होता, बावीचं पाणी तसंही तळाला गेलेलं. पंप धडधडत राहिला आणि पाणी पाटाने खाली पुळणीच्या वाळूत जात राहिलं. घागरी घेतलेल्या बायका बाजूला उभ्या होत्या. डोळ्यांदेखत पाणी वाया जाताना बघून त्यांच्या जिवाला काय वाटत असेल ते मला कळत होतं. मलाही ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी पंप बंद केला आणि पोहरा सोडला. त्यांनी तांब्या भरला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला.

"गोडाच आसा," ते म्हणाले.

बायकांत उभ्या असलेल्या मामीने नजर खाली घातली. मामांनी तांब्या माझ्यापुढे धरला. "चाख गो. कागद तुझो, तू सांग."

मी घोट घेतला. हो म्हटलं असतं तर अहवाल त्या रात्री पुरा झाला असता आणि मामांचा शब्दही राहिला असता. मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती.

"मचूळ आसा, मामा."

तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी पायाशी ओतलं आणि ते निघून गेले. सभेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

मी अहवाल नव्याने लिहिला. यंत्र, वीज, आवक सगळं मागच्या पानांवर टाकलं आणि गावाचं उत्तर पहिल्या वाक्यात ठेवलं. सभेत तो सोसायटीचा सेक्रेटरी वाचणार होता. पण मामांनीच कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि माझं पुस्तकी मराठी बाजूला ठेवून आपल्या भाषेत वाचलं, "हय कारखानो घातलो तर गावची बाव मचूळ जातली."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा." आणि त्यामागोमाग सगळी सभा.

"फुडचा वाचूचा काय?" मामांनी विचारलं. लोक उठायलाच लागले होते. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

कारखाना पुढे त्या दुसऱ्या गावाला मिळाला. त्या दिवशी सभेहून परतताना मामा बावीशी थांबले, मीही थांबले. त्यांनी पोहरा सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि ते प्यायले.

"अजून मचूळ आसा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.