दुपारचा कोरडा तास

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत उन्हाळा आला की माझ्या पाठभर घामोळं उठायचं. दुपारची भांडी घासून पालथी पडली की मी शर्ट काढून फरशीवर आडवा व्हायचो आणि ओरडायचो, "आई, पाठ!" ती शेजारी बसून नुसता तळवा फिरवायची. नखं लावायची गरजच नव्हती. साबण-सोड्याने तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. तो खरखरीत तळवा फिरला की मला दोन मिनिटांत झोप लागायची.

पुढे त्या भेगांतून रक्त यायला लागलं. कणीक मळताना ती ओठ चावायची. शेवटी बाबांनी तिला ठाण्याच्या कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत मी, वय वर्षं दहा. डॉक्टर म्हणाले, "मलम दोनदा लावा आणि तासभर हात ओले करू नका." सांगायला काय जातं! मलमाचा हात देवाला चालत नाही, पिठाला तर नाहीच. रात्री सगळं आवरून पाठ टेकली की ट्यूबचं झाकण काढण्याइतकंही त्राण तिच्यात नसे. तिच्या हातांना कोरडा असा दुपारचा एकच तास मिळायचा, आणि तो माझा होता.

पहिल्याच दुपारी मलम लावलेला हात पाठीवर आला आणि मी अंग चोरलं.

"शी, चिकट! वासपण येतोय."

"अरे, डॉक्टर ओरडतील मला."

"मग नकोच पाठ." मी फुरंगटून भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने मोरीत पाणी वाजलं. हात धुऊन, पदराला पुसून ती परत आली. पुन्हा तोच खरखरीत तळवा. त्यानंतर दुपारी तिने मलम कधी लावलं नाही.

महिन्याने डॉक्टर तिचे हात बघून चिडले. "बाई, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही? मलम का नाही लावत?"

"विसरते हो, कामाच्या नादात," आई म्हणाली. मी शेजारच्या स्टुलावरच होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो, शहाणा ना! येताना स्टेशनबाहेर तिने मला उसाचा रस पाजला, आणि मी तो मिटक्या मारत प्यायलो. आजही त्याची लाज वाटते.

मी नोकरीला लागल्यावर आम्ही ठाकुर्लीला ब्लॉक घेतला. भांड्यांना बाई आली, कपड्यांना मशीन आलं आणि आईचे हात आपोआप बरे झाले. एका रविवारी दुपारी मी पंख्याखाली उघडा बसलो होतो. आईने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"बघ, कसे मऊ झालेत. आता चिकट नाही, वास नाही. ये, पाठ दे."

"काय गं आई, लहान आहे का मी आता?" मी हसून शर्ट चढवला. तीही हसली आणि चहा टाकायला आत गेली.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. घामोळं अजून दर उन्हाळ्यात येतं, आणि दुपारी आडवा झालो की पाठ तिची वाट बघते. तो खरखरीत तळवा मला अजून जसाच्या तसा आठवतो. बरा झालेला तिचा हात पाठीवर कसा लागला असता, ते मात्र मला माहीत नाही.