सरूआत्याची काडतुसं

माझी सरूआत्या काडतुसं हुंगून पाहायची. लोणचं असो, तूप असो की बियाण्याची ज्वारी, साठवलेली प्रत्येक वस्तू ती आधी नाकाशी धरी आणि म्हणे, "ठिवलं म्हून टिकतंच असं न्हाई, माय." काडतुसं तिच्या नवऱ्याची होती. रानडुकरांसाठी त्यांनी परवान्याची बंदूक घेतली होती. ते वारल्यावर आत्या बंदुकीसकट माहेरी, भोकरदनच्या उत्तरेला आमच्या गावी आली.

निजामी राजवटीचा तो शेवटचा उन्हाळा. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत होत्या. मी बाळंतपणाला आले होते, लेक अजून पाळण्यातही घातली नव्हती. शेजारच्या गावावरचा धूर दिसला तशी माणसं सरहद्दीपलीकडे निघायची तयारी करू लागली. माझे वडील गावचे पाटील, आत्याचे धाकटे भाऊ. त्यांनी सगळ्यांना अडवलं. "आक्काची बंदूक हाय, पेटीभर काडतुसं हायेत. कोनी हलू नका." लोकांनी बांधलेली गाठोडी सोडली.

झडतीच्या भीतीनं ही पेटी रिकाम्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, लपवली होती. वर काढली तेव्हा आत्यानं एक काडतूस हुंगलं. कागदी नळी फुगली होती, पितळेवर हिरवट थर होता.

"वाजवून पाहू दे," ती म्हणाली.

काडतूस भरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं बंदुकीची नळी पेवाच्या तोंडात धरली. चाप ओढला. टक्क. तशीच धरून थांबली. उशिरानं उडालं तर हात जायचा. काही झालं नाही. दुसरं घातलं, टक्क. तिसरं नुसतं फुसफुसलं.

वडिलांचा चेहरा उतरला. "आक्का, हे बाहेर सांगू नको. गावाची हिंमत खचंल."

"हिंमतीला दारू लागत न्हाई आबा, बंदुकीला लागती. या भरोशावर लेकरंबाळं बसलीत."

ती तडक पारावर गेली. डोईवरचा पदर सावरून सगळ्यांदेखत म्हणाली, "काडतुसं मेली हायेत. निघा, जल्दी!" कुणी वडिलांकडे पाहत राहिलं, कुणी शिव्या घातल्या. मग बैलगाड्या जुंपल्या गेल्या. आत्यानं माझी लेक दुपट्यात घट्ट बांधून माझ्या छातीशी दिली. "मागं बघू नको," म्हणाली. ती स्वतः मात्र गाडीत बसली नाही.

पुढचं वडिलांनी सांगितलेलं. तेही तिच्याबरोबर थांबले होते. गाड्या जेमतेम टेकडीआड गेल्या आणि टोळी ओढ्याशी आली. आत्या माळवदावर, कठड्यामागं बंदूक रोखून उभी होती. आत उरलेल्यांपैकीच एक काडतूस.

"ए बुढ्ढी, बंदूक नीचे डाल!" खालून कोणी ओरडलं.

"पैला कोन येतो? त्यानं म्होरं यावं," आत्या म्हणाली.

पहिलं कुणालाच यायचं नव्हतं. ऊन कलेपर्यंत ते ओढ्याशी घुटमळले, दोनदा पुढं सरकले, दोनदा मागं गेले. शेवटी खळ्यावरच्या कडब्याला आग लावून निघून गेले. आत्या आणि वडील चालत सरहद्दीपलीकडे आले, तेव्हा तिची बोटं वळलेलीच राहिली होती. मी कोमट पाण्यात धरून ती एकेक सरळ केली.

पुढं निजामी गेली, आम्ही गावी परतलो. आत्यानं गोळ्या झाडल्याच्या गोष्टी लोक सांगू लागले. ती चिडायची. "एक बी झाडली न्हाई. दुश्मनाला खोटं दाखवलं, बस. आपल्या मानसाला दाखवू नये."

ती गेली त्या वर्षी मी एकदा विचारलं, "काडतूस वाजणार न्हाई, याची भीती वाटली न्हाई का गं?"

ती म्हणाली, "टोळीतला म्होरचा पोरगा मी वळखला व्हता. भोकरदनच्या बाजारात बापासंगं बैल बघून राह्यल्ता. माझं बोट चापावर. म्या देवाला म्हनलं, त्यानं पाय टाकला तर मला चाप वढावाच लागंल. तवा हे काडतूस बी मेलेलंच निघू दे."